बाहेर पडल्यावर नेमकं काय परत मिळतं, आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं

माझी भाची एम.कॉम. करते. परवा तिचा मेसेज आला, "मामा, कॉलेजात वादविवाद आहे, विषय असाय की व्यापारी गटातून बाहेर पडताना देशानं सार्वभौमत्व बघावं का आर्थिक नुकसान बघावं, मला सार्वभौमत्वाची बाजू आलीय, मी ब्रेक्झिट घेणारे, तुम्ही इतकी वर्षं तिकडं माल पाठवताय तर तुम्हाला खरं काय वाटतं ते सांगा." फोनवर दहा मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसलो आणि ते लांबलंच.

तर ऐक. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. टेरी टॉवेलच्या एक्सपोर्टमध्ये माझी चोवीस वर्षं गेली, पहिली आठ दुसऱ्याच्या कारखान्यात कागदपत्रं करण्यात आणि पुढची अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःच्या शेडमध्ये. त्यातला बराचसा माल इंग्लंडला जायचा, अजून जातो. त्यामुळं ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं, मी पेपरात वाचलं तसंच शिपिंग बिलावर, पॅकिंग लिस्टवर, बायरच्या मेलमध्ये पण बघितलंय, आणि सांगणार ते तिथूनच सांगणार.

आधी एक गोष्ट. तुझ्यासमोरचा गडी उभा राहून म्हणेल की सार्वभौमत्व वगैरे भावनिक गोष्टी आहेत, खरं काय ते पैसा. हे मान्य करू नकोस. आपण सोलापूरचे आहोत. चार पुतळ्यांवरून तू रोज कॉलेजला जातेस, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, त्याच्या आधी मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा मार्शल लॉ भोगलाय. आपला कायदा आपण करणार या एका गोष्टीसाठी माणसं गेली. त्याची किंमत टक्क्यात काढता येत नाही, आणि काढू पण नये.

पण लगेच दुसरी बाजू पण बघ. त्या चौघांनी जी सत्ता नाकारली ती लादलेली होती. आपल्याला मत नव्हतं, आणि बाहेर पडायचा दरवाजा पण नव्हता. युरोपियन युनियनमध्ये, तेव्हाच्या युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटीत, इंग्लंड स्वतःहून गेलं होतं, १९७३ मध्ये. युरोपच्या संसदेत त्यांचे ७३ खासदार होते, मंत्र्यांच्या परिषदेत मत होतं, कर किंवा परराष्ट्र धोरणासारख्या विषयात व्हेटो होता, आणि बाहेर पडायचं असलं तर कलम ५० होतं, जे त्यांनी वापरलं पण. म्हणजे गुलामीतून सुटणं वेगळं आणि भिशीतून बाहेर पडणं वेगळं. भिशीत आपण पैसे घालतो ते जातात कुठं, आपलेच असतात, फक्त कधी उचलायचे ते एकट्यानं ठरवता येत नाही. त्या एकट्यानं न ठरवण्याच्या बदल्यात आपल्याला काहीतरी मिळत असतं. आता ते जे मिळतं ते पुरेसं आहे का, हा खरा प्रश्न.

आणि हे आपल्याला नवीन पण नाही. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, सांगायची की सोलापूरहून तुळजापूरला देवीला निघालं की मध्येच निजामाची हद्द लागायची, तिथं करोडगिरीचा नाका, गाठोडं सोडून दाखवायला लागायचं, नवं लुगडं असलं तर त्यावर पण जकात, आणि पलीकडं पैसा चालायचा तो हाली सिक्का. पंचेचाळीस किलोमीटरवर दुसरं राज्य, दुसरं नाणं, दुसरा कर. निजामाचं ते सार्वभौमत्वच होतं की, स्वतःचा कस्टम, स्वतःची टाकसाळ. आणि ते लोकांना कसं दिसायचं, तर नाक्यावर कुणीतरी आपलं गाठोडं उचकतंय असं.

आपल्या डोळ्यांसमोरचं घे. २०१७ च्या आधी इथून हैदराबादला चादरीची गाडी लावली की उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, तीन राज्यं लागायची, विक्रीकराचे चेकपोस्ट, ड्रायव्हरकडं फॉर्मचा गठ्ठा, एक कागद कमी असला की रात्र तिथंच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते चेकपोस्ट गेले. पण त्याबदल्यात महाराष्ट्रानं काय दिलं? स्वतः कर ठरवायचा हक्क दिला. आता टॉवेलवर किती टक्के ते मुंबईत ठरत नाही, जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतं, तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे महाराष्ट्राला एकट्याला काही करता येत नाही. महानगरपालिकांची तर आधी जकात गेली, मग एलबीटी, म्हणजे जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, तो गेला, आता राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडं बघत बसायचं. हा तोटाच आहे, मी मान्य करतो. पण हैदराबादची गाडी आता दुसऱ्या दिवशी सकाळी उतरते. दोन्ही एकाच सौद्याचे भाग आहेत, एक घेतलं की दुसरं येणारच.

आता ब्रेक्झिट. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले. मला ती सकाळ आठवते कारण माझी दोन इन्व्हॉइस पाउंडात उघडी होती आणि शंभर रुपयांचा पाउंड एका दिवसात ब्याण्णव-त्र्याण्णवला आला. देश प्रत्यक्षात बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला, पण वर्षभर सगळं जुन्यासारखंच चाललं, आणि खरा बदल लागला तो १ जानेवारी २०२१ पासून. त्याच्या आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला, करार झाला आणि सगळीकडं हेडलाइन आली, झिरो टॅरिफ, झिरो कोटा. माझ्या ओळखीचे पण म्हणाले, चला, काही फरक पडत नाही. मला मात्र तिथंच धडकी भरली होती, कारण झिरो टॅरिफच्या खाली एक ओळ असते, ओरिजिनची, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्याची. ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला झिरो. ब्रिटनमधून गेलेल्या मालाला नाही. या दोन शब्दांमध्ये माझा धंदा अडकला होता.

कसा ते नीट सांगतो, कारण वादविवादात तुला हेच उपयोगी पडेल. इंग्लंडात माझा एक मध्यम बायर होता, हॉटेलांना आणि दुकानांना टॉवेल द्यायचा, त्याची सात-आठ गिऱ्हाइकं आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या बाजूला, म्हणजे जो आयर्लंड देश युरोपियन युनियनमध्येच राहिला तिथं. २०१९ पर्यंत मी न्हावाशेव्यातून चाळीस फुटी कंटेनर इंग्लंडातल्या फेलिक्स्टो बंदराला पाठवायचो, तिथं ड्युटी भरली की माल युरोपभर मोकळा, तो त्याच्या गोडाऊनमधून सहा पॅलेट आयर्लंडच्या गाडीत टाकायचा, साधं बिल लावायचा, दुसऱ्या दिवशी माल पोचलेला. भारताच्या टॉवेलला तेव्हा ९.६ टक्के ड्युटी लागायची, पूर्ण दर १२, त्यात जीएसपीची, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी सूट. एकदा भरली की विषय संपला.

१ जानेवारी २०२१ पासून तेच सहा पॅलेट बघ. फेलिक्स्टोला ब्रिटनची ड्युटी ९.६ टक्के भरली. आता ते आयर्लंडला निघाले तर ती एक्सपोर्ट झाली, डब्लिनला युरोपचा कस्टम उभा, तो विचारणार माल कुठं बनला, तर सोलापूरला. म्हणजे ब्रिटनचा नाही, झिरो टॅरिफ लागू नाही. मग जीएसपीची सूट? ती पण नाही, कारण माल ब्रिटनच्या बाजारात मोकळा होऊन आलाय, भारतातून थेट आलेला धरत नाहीत. म्हणजे पूर्ण १२ टक्के. समज १०० पाउंडचा माल, तर ९.६० आधी आणि त्याच मालावर वर परत १२. टॉवेलच्या धंद्यात एवढं मार्जिनच नसतं गं. आमच्यात पाच-सहा टक्के सुटले तरी दिवाळी चांगली गेली म्हणतात.

यावर उपाय होता, बाँडेड गोडाऊन. माल ड्युटी न भरता बाँडमध्ये ठेवायचा आणि तिथूनच पुढं पाठवायचा. मोठ्या कंपन्यांनी केलं पण तसं. पण बाँडसाठी परवानगी, गॅरंटी, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळा माणूस, सहा पॅलेटसाठी कोण करणार? शेवटी त्यानं मला सांगितलं की आयर्लंडचा माल तू परस्पर डब्लिनला पाठव. झालं, एका ऑर्डरच्या दोन ऑर्डरी. आधी एका रंगाचा अडीच टन माल एका लॉटमध्ये डाय व्हायचा, आता दोन हजार किलो इकडं आणि पाचशे तिकडं. पाचशे किलोनं कंटेनर भरत नाही म्हणून एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा घ्यायची, तो आधी रॉटरडॅम किंवा अँटवर्पला जाणार, तिथून छोट्या जहाजानं डब्लिन. दोन शिपिंग बिलं, दोन बी/एल म्हणजे जहाज कंपनीच्या पावत्या, युरोपसाठी ओरिजिनचं रेक्स डिक्लेरेशन वेगळं, यूकेसाठी वेगळं. आमच्या पॅकिंगमधल्या बायका कार्टनवर दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावायच्या, पिवळी यूके, हिरवी आयर्लंड. एकदा चिठ्ठ्या बदलल्या आणि अकरा कार्टन चुकीच्या देशात गेले. ते परत आणण्यापेक्षा तिथंच पडत्या भावात विकणं स्वस्त पडलं.

दीड वर्षात त्यानं आयर्लंडची गिऱ्हाइकं सोडून दिली. माझा गेला तो वर्षाला दोन-अडीच कंटेनरचा धंदा. मी सावरलो, दुसरं शोधलं. खरं सांगायचं तर त्याच वर्षी कोविडमुळं कंटेनरची भाडी कित्येक पट झाली होती, त्यामुळं सगळंच ब्रेक्झिटवर ढकलणं बरोबर नाही, आणि तू पण स्टेजवर तसं करू नकोस. पण डबल ड्युटी काही कोविडनं आणली नव्हती.

मुद्दा हा की बाहेर पडायचा खर्च लोक समजतात तसा टॅरिफमध्ये येत नाही. तो कागदात येतो, वेळात येतो, लॉट मोडण्यात येतो. आणि तो मोठ्याला कमी, छोट्याला जास्त लागतो, कारण दहा पानांचं डिक्लेरेशन दहा कंटेनरला पण तेवढंच आणि सहा पॅलेटला पण तेवढंच. म्हणून बिल कुणाच्या नावावर फाटतं हे आधी विचारायचं. ब्रिटनच्या आकडेवारी खात्यानं सांगितलं होतं की जानेवारी २०२१ या एकाच महिन्यात युरोपला जाणारा त्यांचा माल चाळीस टक्क्यांनी पडला. नंतर बराचसा भरून निघाला, पण त्या धक्क्यात जे छोटे होते त्यातले कितीतरी परत उभेच राहिले नाहीत.

मासेमारांचं बघ. सार्वभौमत्वाचा सगळ्यात मोठा झेंडा त्यांच्या हातात होता, आमचा समुद्र आमचा, आमचे मासे आमचे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारी ०.१ टक्का पण नाही, पण बंदरं मरत होती आणि त्या माणसांचा राग खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही, आपल्या हातमागवाल्यांचं काय झालं ते पूर्व भागात बघतच मोठा झालोय. पण झालं काय, तर युरोपचा कोटा साडेपाच वर्षांत पंचवीस टक्के परत मिळायचा ठरला आणि विकायला बाजार मात्र युरोपचाच. जिवंत शिंपले-कालवं पाठवणाऱ्यांना तर युरोपनं सांगितलं की अमुक दर्जाच्या पाण्यातला न शुद्ध केलेला माल बाहेरच्या देशाकडून घेत नाही, आणि ते आता बाहेरचा देश झाले होते. समुद्र मिळाला, गिऱ्हाईक गेलं. आणि मे २०२५ मध्ये परत नवी बोलणी झाली तेव्हा युरोपच्या बोटींना २०३८ पर्यंत त्या पाण्यात येऊ द्यायचं ठरलं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. आपण काही युरोपियन युनियनचे मेंबर नाही, कधीच नव्हतो. तरी आपल्या एमआयडीसीतला डाईंगवाला रंगाचा डबा उघडायच्या आधी बघतो की यात बंदी असलेला अझो डाय तर नाही ना. तो नियम त्यानं केला नाही, त्याच्या आमदारानं केला नाही. जर्मनीनं नव्वदच्या दशकात सुरू केला, नंतर युरोपभर झाला, आपल्या सरकारनं पण १९९७ मध्ये असल्या रंगांवर बंदी आणली. का? कारण माल तिकडं विकायचाय. मोठ्या बाजाराचा नियम आत असलास तरी पाळायचा, बाहेर असलास तरी पाळायचा, फक्त आत असताना तो नियम करताना तुझं मत घेतात आणि बाहेर गेल्यावर तुला तो पीडीएफमध्ये मिळतो. नॉर्वेचं तेच आहे, युनियनमध्ये नाहीत पण एकाच बाजारात आहेत, नियम पाळतात, पैसे पण भरतात, मत नाही.

ब्रिटनला हे कळायला वेळ लागला. माल नियमात बसतो हे दाखवणारा युरोपचा जो सीई मार्क, त्याच्या जागी त्यांनी स्वतःचा यूकेसीए मार्क काढला, कंपन्यांना सांगितलं अमुक तारखेपर्यंत बदला, मग तारीख पुढं, परत पुढं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनंच जाहीर केलं की बहुतेक मालाला सीई मार्क बेमुदत चालेल. युरोपातून येणाऱ्या मालाच्या तपासणीचं पण तसंच, किती वेळा पुढं ढकलली, शेवटी खाद्यपदार्थांची खरीखुरी तपासणी एप्रिल २०२४ ला सुरू झाली, आणि वर्षभरानं ठरलं की त्या विषयात युरोपच्या नियमांबरोबर चालायचा करार करू. म्हणजे हक्क हातात आला, वापरायला गेले तर परवडेना, म्हणून कपाटात ठेवला. असा किती हक्क कपाटात आहे आणि किती वापरात आहे, हे मोजल्याशिवाय सार्वभौमत्वाचं वजन होत नाही.

वापरात काय आलं ते पण सांगतो, कारण तुझी बाजू ती आहे आणि त्यात खरंच दम आहे. सॅनिटरी पॅडवर युरोपच्या नियमामुळं ब्रिटनला निदान ५ टक्के व्हॅट लावावाच लागत होता, किती वर्षं बायका मागणी करत होत्या, १ जानेवारी २०२१ ला, युरोपचे नियम सुटल्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी शून्य केला. छोटी गोष्ट वाटेल पण सार्वभौमत्व म्हणजे हेच, आपल्या लोकांनी मागितलं आणि आपल्या संसदेनं दिलं, मध्ये सत्तावीस देशांना विचारायला लागलं नाही. शेतीच्या अनुदानाची पद्धत त्यांनी स्वतःच्या हिशोबानं बदलली. परदेशातून कोण यावं हे स्वतः ठरवायला लागले, त्यात पुढं येणारे कमी न होता एका काळात वर्षाला निव्वळ ९ लाखांच्या वर गेले आणि ज्यांनी त्यासाठीच मत दिलं होतं ते फसवल्यासारखे झाले, पण निर्णय त्यांच्याच सरकारचा होता, जाब पण त्यालाच विचारला, २०२४ ला सरकार बदललं. हे पण सार्वभौमत्वच. एक सावध राहा, कोविडची लस लवकर आली ती ब्रेक्झिटमुळं असं कुणी म्हणेल, ते वापरू नकोस. २ डिसेंबर २०२० ला फायझरला मंजुरी दिली तेव्हा तिथं युरोपचेच नियम लागू होते आणि त्याच नियमात तातडीची मंजुरी द्यायची सोय होती. समोरच्यानं हे काढलं तर तू पडशील.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्वतःचे व्यापार करार. युरोपियन युनियनमध्ये असताना कुठलाच देश बाहेरच्या देशाशी स्वतंत्र टॅरिफ करार करू शकत नाही, तो हक्क ब्रुसेल्सकडं, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाकडं. बाहेर पडल्यावर ब्रिटननं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी केले, डिसेंबर २०२४ मध्ये पॅसिफिकच्या सीपीटीपीपी गटात गेले, आणि २४ जुलै २०२५ ला भारताशी सही केली. त्या करारात आपल्या टॉवेलची ड्युटी शून्यावर येते. हे मी लपवणार नाही, माझ्या धंद्याला ब्रेक्झिटचा हा सरळ फायदा आहे. बांगलादेश आणि पाकिस्तानचा टॉवेल तिथं आधीपासून शून्यावर जातो आणि आम्ही इतकी वर्षं त्या नऊ-साडेनऊ टक्क्यांचं ओझं घेऊन त्यांच्याशी भाव लावत आलो.

पण प्रश्न सोलापूरच्या फायद्याचा नाही, ब्रिटनच्या हिशोबाचा आहे. भारताशी झालेल्या करारानं त्यांच्या जीडीपीत लांब पल्ल्यात वर्षाला ४.८ अब्ज पाउंड वाढतील असा त्यांच्याच सरकारचा अंदाज, म्हणजे साधारण ०.१ टक्का. आणि त्यांचं जे बजेटवर नजर ठेवणारं स्वतंत्र कार्यालय आहे, ओबीआर, त्यांनी धरलेलं नुकसान आहे ४ टक्के उत्पादकतेचं, आयात-निर्यात मिळून १५ टक्क्यांनी कमी. इथं बहुतेक पोरं चुकतात म्हणून नीट ऐक. ४ टक्के म्हणजे अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी पडली असं नाही. आत राहिले असते तर लांब पल्ल्यात जिथं पोचले असते त्यापेक्षा ४ टक्के मागं राहतील असा अंदाज. असलं नुकसान दिसत नाही, कारखाना बंद पडला तर दिसतो, निघायचा होता तो निघालाच नाही हे कुणाला दिसणार?

मग काय, सार्वभौमत्व महाग पडलं म्हणून चूक? मी तसं म्हणत नाही. ग्रीनलँडचं बघ. डेन्मार्कबरोबर ते पण त्या गटात गेले होते, १९८२ ला मतदान घेतलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला बाहेर पडले. पन्नास-बावन्न हजार लोकांचा देश, सगळी पोटं एका मासेमारीवर, आणि नेमका तोच हक्क ब्रुसेल्सकडं. बाहेर पडून त्यांनी मासे स्वतःकडं घेतले, आणि जाताना युरोपशी ठरवून घेतलं की आमच्या पाण्यात यायचं तर पैसे द्या आणि आमचा मासा ड्युटीशिवाय घ्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती, तीच त्यांच्या पोटाची होती, आणि किंमत त्यांनी आधी ठरवून घेतली होती.

ब्रिटनचं तसं झालं नाही. मतदानाच्या वेळी लाल बसवर लिहिलं होतं की आठवड्याला ३५ कोटी पाउंड युरोपला जातात ते दवाखान्यांना देऊ, तो आकडा ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सूट वजा न करता काढलेला होता, त्यांच्या आकडेवारी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी नंतर त्याला सरकारी आकड्यांचा उघड गैरवापर म्हटलं. आणि उत्तर आयर्लंडचं तर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. १९९८ च्या शांतता कराराला धक्का लागू नये म्हणून आयर्लंडच्या दोन भागांमध्ये नाका उभारायचा नाही असं ठरलं होतं. पण एक भाग युरोपात आणि एक बाहेर असेल तर नाका कुठंतरी लागणारच. मग तो समुद्रात लागला, म्हणजे ब्रिटनच्या एका भागातून दुसऱ्या भागात माल नेताना कागद. स्वतःचा कायदा स्वतःच्या सगळ्या भूमीवर चालावा म्हणून बाहेर पडले आणि उत्तर आयर्लंडमध्ये मालाच्या बाबतीत युरोपचे कितीतरी नियम अजून चालतात. २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या युरोपबरोबरच्या करारानं जाच कमी केला, गेला नाही. माझ्या आजीचा करोडगिरीचा नाका मला सारखा आठवतो तो इथं.

आपल्या देशाचं पण एक उदाहरण घे, चांगलं दिसेल. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारतानं सांगितलं की आम्ही आरसेपमध्ये, म्हणजे चीन, जपान वगैरे देशांच्या आशिया-पॅसिफिक व्यापारी गटात, येत नाही. सात वर्षं बोलणी करून सही करायच्या आधी मागं आलो. चीनचा माल, न्यूझीलंडची दूध पावडर, ही भीती होती, आणि आपल्या जिल्ह्यात दुधावर किती घरं चालतात ते तुला माहितीये, सांगोला, मंगळवेढा, डाळिंब गेलं तरी म्हशीवर वर्ष निघतं. तेव्हा मला तो निर्णय बरोबर वाटला, अजून वाटतो. पण त्याची पण किंमत आहे. मोठ्या कंपन्या कारखाना टाकताना त्या पंधरा देशांच्या साखळीचा विचार करतात आणि आपण त्या साखळीत नाही. आणि एकटं असलं की मोठा बाजार कसा दाबतो ते ऑगस्ट २०२५ मध्ये बघितलंच, अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं आणि इथं पंधरा दिवसांत लूमच्या पाळ्या कमी झाल्या. सार्वभौम देश होतो आपण, तरी पाळी कुणाची गेली, तर ज्या माणसाला टॅरिफ हा शब्द पण माहीत नाही त्याची.

तर तुझ्या भाषणाबद्दल माझं मत असं. सार्वभौमत्व विरुद्ध पैसा अशी कुस्ती लावूच नकोस, त्यात दोन्ही बाजू आरडाओरडा करतात आणि हाताला काही लागत नाही. उभी राहा आणि सरळ कबूल कर की खर्च आहे, ४ टक्के आहे, छोट्यांना जास्त आहे. मग विचार की त्या बदल्यात कुठला निर्णय आपल्याकडं येणार, नाव घेऊन सांग, व्हॅट, शेती, करार. त्यातला कुठला आपण खरंच वापरणार आणि कुठला बाजार आपल्याला वापरू देणार नाही. आणि ज्यांच्या नावावर बिल फाटणार त्यांना मत द्यायच्या आधी ते बिल दाखवलं का. लोकांनी किंमत बघून घेतली आणि तरी म्हणाले की आम्हाला आमचा कायदा हवा, तर तो निर्णय कुठल्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा मोठा, मी स्वतः टाळी वाजवीन. ब्रिटनबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की किंमत झाकून सौदा झाला. ते बाहेर पडले म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

परीक्षक तिरका प्रश्न विचारतील की मग ब्रिटननं निदान कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे आपापसात ड्युटी नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांची एकच ड्युटी अशा गटात, राहायला हवं होतं का. याचं उत्तर तयार ठेव. राहिले असते तर माझे सहा पॅलेट आरामात डब्लिनला गेले असते, पण भारताशी करार झाला नसता, कारण टॅरिफ ब्रुसेल्सनंच ठरवलं असतं. दोन्ही एकदम मिळत नाही. तुर्कस्तान तसंच आहे, कस्टम्स युनियनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही, युरोपनं कुणाशी करार केला की तुर्कस्तानला पण त्या देशाच्या मालाची ड्युटी कमी करावी लागते, आणि समोरचा देश मात्र तुर्कस्तानला तीच सवलत द्यायला बांधलेला नाही.

रविवारी सकाळी शेडवर ये, लूम बंद असतात, नीट बोलता येईल. मी दोन फायली काढून ठेवतो, एक २०१९ ची आणि एक २०२१ ची, तोच बायर, तोच टॉवेल, पाचशे जीएसएम, पांढरा आणि ग्रे. पहिलीत एका शिपमेंटचे सात कागद आहेत. दुसरीतले तू स्वतः मोज, आणि पिवळ्या-हिरव्या चिठ्ठ्यांचा राहिलेला रोल पण पडलाय कुठंतरी कपाटात, तो ने स्टेजवर दाखवायला. येताना ताईला सांग शेंगाचटणी संपलीय म्हणून.